फॉस्टरच्या घरून मांजर दत्तक घेताना: बडोद्यात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यातली आम्ही काही मराठी घरं रस्त्यावर सापडलेली मांजरं आपापल्या घरी सांभाळतो आणि ती बरी झाली, माणसाळली की दत्तक देतो. फोनवर रोज तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. फोन करण्याआधी वाचलीत तर दोघांचाही वेळ वाचेल. काही उत्तरं रोखठोक वाटतील, त्याला इलाज नाही.

फॉस्टर घर म्हणजे काय? संस्थेच्या निवाऱ्यात आणि तुमच्यात फरक काय?

निवाऱ्यात मांजर पिंजऱ्यात नाहीतर बऱ्याच मांजरांच्या घोळक्यात राहतं. फॉस्टरकडे ते घरातच वावरतं. स्वयंपाकघरात लुडबुडतं, इस्त्रीच्या कपड्यांवर झोपतं, पाहुणे आले की दडतं. त्यामुळे त्याच्या खोड्या आम्हाला पाठ असतात आणि त्या तुम्हाला आधीच सांगता येतात. फॉस्टरकडून मांजर घेण्यातला खरा फायदा हाच.

सध्या आमच्याकडे गोदी आहे. तीन रंगांची, दीडेक वर्षाची भाटी. कुकरची शिट्टी झाली की ती थेट कपाटावर, मिक्सर मात्र शेजारी घरघरत असला तरी ढिम्म हलत नाही. पाणी पिताना आधी उजवा पंजा वाटीत बुडवून चाटते, मग तोंड लावते. हातात हेल्मेट घेऊन कोणी दारात उभं राहिलं की तासभर दिसत नाही. तोच माणूस सतरंजीवर बसून पेपर वाचायला लागला की बरोबर पेपरावर येऊन बसते. लहान मुलांचा कलकलाट तिला सोसत नाही. म्हणून ज्या घरात दोन-तीन वर्षांचं मूल आहे तिथे गोदी जाणार नाही, तुम्हाला ती कितीही आवडली तरी. त्या घरासाठी आमच्याकडे दुसरं मांजर असेल.

फोटो पाहून मांजर पसंत केलं आहे. तेच मिळेल का?

पसंती जरूर सांगा. पण आम्ही उलट तुम्हालाच विचारणार: घरात माणसं किती, दिवसभर घरी कोण असतं, आधीचं कुत्रं-मांजर आहे का, गॅलरीला जाळी आहे का. मग एक-दोन नावं सुचवू. फोटोत गोंडस दिसणारं मांजर अंगाला हातही लावू न देणारं असू शकतं आणि एका डोळ्याचा, कान फाटलेला बोका दहा मिनिटांत मांडीवर पसरतो.

रंगावरून स्वभाव कळत नाही. नर की मादी याचा अंदाज मात्र बांधता येतो. केशरी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, त्यामुळे तीन रंगांचं मांजर जवळजवळ नेहमीच मादी आणि केशरी मांजरांतले पाचातले साधारण चार बोके असतात.

काळी मांजरं आमच्याकडे सगळ्यात जास्त दिवस राहतात. "आम्ही मानत नाही हो, पण सासूबाईंना चालणार नाही," हे वाक्य आम्ही फार ऐकलं आहे. सासूबाईंना सांगा, मुलाबाळांची राखण करणारी षष्ठीदेवी मांजरावरच बसते. आणि तरी नकोच असेल तर घेऊ नका. चार लोकांचे टोमणे खात मांजर वाढू नये.

पर्शियन आहे का?

क्वचित असतं, तेही कोणी हौसेने विकत आणून नंतर सोडून दिलेलं. रोज केस विंचरायला वेळ नसेल आणि उन्हाळ्यात दुपारभर पंख्याखाली ठेवायची तयारी नसेल, तर ते नको. चपट्या नाकाच्या मांजराला बडोद्याचा मे महिना फार जड जातो. देशी मांजर या हवेतलंच आहे. इंटरनेटवर "फुकट पर्शियन, फक्त गाडीभाडं आधी पाठवा" असं कोणी म्हणत असेल तर पैसे पाठवू नका. मांजर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कुणालाच एक रुपयाही देऊ नका, आम्हालासुद्धा.

अगदी लहान पिल्लू मिळेल का? हातावर वाढवायचं आहे.

आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू आम्ही देत नाही. दहा-बारा आठवडे आईजवळ आणि भावंडांत काढले तर आणखी चांगलं. चावा किती जोरात घ्यायचा, नखं कधी आत घ्यायची, हे पिल्लू भावंडांशी मस्ती करतानाच शिकतं. ती शाळा बुडाली की पुढे तुमचे हात बोचकारले जातात. जन्मतः पिल्लू साधारण शंभर ग्रॅमचं असतं आणि दर आठवड्याला सुमारे तेवढंच वाढतं, म्हणजे आठ आठवड्यांना आठशे ग्रॅमच्या आसपास हवं. त्यापेक्षा बरंच हलकं असेल तर वय कमी सांगितलंय किंवा पोटात जंत आहेत.

नवरा-बायको दोघंही नोकरीला आणि घरी कोणी नाही, अशा घरात एकटं पिल्लू देणं आम्ही टाळतो. दोन घ्या, नाहीतर मोठं मांजर घ्या. दोन पिल्लांचा त्रास एकापेक्षा कमी होतो हे ऐकून लोक हसतात, पण ती एकमेकांना दमवतात आणि रात्री तुमच्या पायाच्या बोटांवर झडप घालत नाहीत.

मोठं मांजर लळा लावेल का? ते तर जुन्या घराला धरून असतं ना?

लावतं. मांजर जागेला धरून असतं हे खरं आहे, पण ती जागा काही आठवड्यांत तुमचं घर होते. वर्ष-दीड वर्षाच्या मांजराचा स्वभाव ठरलेला असतो, त्यामुळे फसगत होत नाही. मुलं कॅनडा-अमेरिकेत आणि कारेलीबाग किंवा मांजलपूरला आई-बाबा दोघंच, अशी कितीतरी घरं आपल्याकडे आहेत. त्यांनी पिल्लाच्या मागे धावू नये. पाच-सहा वर्षांची शांत भाटी तिथे उत्तम. मात्र अशा घरी देताना आम्ही गावातल्याच दुसऱ्या एका नातेवाइकाचं नाव लिहून घेतो. घरात राहणारं मांजर बारा-पंधरा वर्षं सहज जगतं, कधी अठराही. आज तुमची मुलगी आठवीत असेल तर तिचं लग्न ठरेल तेव्हाही हे मांजर घरात असणार, हा हिशेब आधी करा.

आमचं घर शाकाहारी आहे. दूध-पोळीवर मांजर राहील ना?

हा प्रश्न बडोद्यात सगळ्यात जास्त येतो. उत्तर: नाही.

मांजर मांसाहारीच आहे. टॉरिन नावाचा घटक त्याच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही, तो मांस-मासळीतूनच मिळावा लागतो. तो कमी पडला की हळूहळू दृष्टी जाते आणि हृदयाचे स्नायू सैल पडतात. अ जीवनसत्त्वाचंही तसंच. आपण गाजर खाल्लं तर शरीर त्यातून ते बनवतं, मांजराला ते जमत नाही. "आमच्या आजोळी मनी दूध-भातावरच होती," असं सांगणारे खूप भेटतात. ती मनी दिवसा दूध-भात खायची आणि रात्री धान्याच्या कोठीतले उंदीर. फ्लॅटमधल्या मांजराला ती सोय नाही. शिवाय बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, ढाळ लागते.

मग शाकाहारी घराने काय करायचं? स्वयंपाकघरात काहीच शिजवावं लागत नाही. मांजरांचं कोरडं खाणं पाकिटातून येतं, त्याला वेगळं भांडं, वेगळा चमचा आणि गॅलरीतला एक कोपरा दिला की झालं. अनेक देशस्थ-कोकणस्थ घरांत हे बिनबोभाट चालू आहे. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण पन्नास-साठ ग्रॅम कोरडं खाणं पुरतं, म्हणजे महिन्याला पावणेदोन किलोच्या आसपास. ओल्या पाऊचला वास येतो, तो सहन होत नसेल तर पाऊच नका देऊ, पण मग पाण्याच्या दोन-तीन वाट्या घरात वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. कुत्र्याचं खाणं मांजराला चालत नाही, त्यात टॉरिन पुरेसं असेलच असं नाही.

मांसाहारी पाकीटसुद्धा घरात येणार नसेल तर तो तुमचा निर्णय आहे आणि आम्हाला त्याचा आदर आहे. फक्त मग मांजर घेऊ नका. ससा घ्या, तो मेथीची जुडी आनंदाने खाईल.

सोसायटीत परवानगी नाही म्हणतात. भाड्याचं घर असेल तर?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव केला तरीही. तुमचं मांजर घरातच राहणार असेल तर शेजाऱ्यांना तक्रारीला जागाही उरत नाही. घरमालकाचं मात्र तसं नाही. करारात काय आहे ते पाहा आणि त्यांची परवानगी लेखी घ्या, मोबाईलवरचा मेसेजही चालेल. "कळणार नाही त्यांना" या भरवशावर घेतलेलं मांजर अकरा महिन्यांनी आमच्याच दारात परत येतं.

जाळी लावलीच पाहिजे का? आम्ही तर दुसऱ्याच मजल्यावर आहोत.

लावलीच पाहिजे. घर बघायला आलो की आम्ही हेच आधी पाहतो. मांजर पायांवर पडतं हे बरोबर, पण दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरून पडलेल्या मांजराचा जबडा फुटतो, छातीत हवा भरते, पाय मोडतो. कबुतर दिसलं की त्याला मजला आठवत नाही. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी काही मांजरं दातांनी कुरतडतात. स्टीलची बारीक जाळी जास्त टिकाऊ. स्लायडिंग खिडकीच्या मच्छरजाळीवर तर अजिबात विसंबू नका. ती डासांसाठी असते, चार किलोच्या उडीला चौकटीसकट निघून येते.

दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या घरांचा प्रश्न अवघड आहे. लाकडी गॅलऱ्या, एकमेकींना लागून गच्च्या, मधला चौक उघडा, जिन्याचं दार कायम सताड. तिथे सगळं घर बंद करणं शक्य नाही. अशा घरात आम्ही एक-दोन खोल्या पूर्ण बंदिस्त करायला सांगतो, आणि तेही जमणार नसेल तर रस्ता माहीत असलेलं, नसबंदी झालेलं मोठं मांजरच देतो. पिल्लू नाही.

मग बाहेर अजिबात सोडायचं नाही? हे त्याला कोंडून ठेवणं नाही का?

आमचं मत: सोडू नका. गाड्या, कुत्री, उंदरांसाठी ठेवलेलं विष, दुसऱ्या बोक्यांशी मारामारी आणि त्या चाव्यांतून पसरणारे विषाणू. खिडकीत बसायला फळी, चढायला कपाट आणि रोज दोनदा दहा-पंधरा मिनिटं कोणी खेळवणारं, एवढ्यावर मांजर मजेत राहतं. कंटाळलेलं मांजर घरात असो की बाहेर, उपद्व्यापच करतं.

उत्तरायणात काय काळजी घ्यायची?

याचं उत्तर लांबणार, कारण इतर गावांच्या पुस्तकांत हे सापडत नाही.

१४ आणि १५ जानेवारीला गच्चीचं दार बंद म्हणजे बंद. पाहुण्यांची ये-जा, लाउडस्पीकर, "काप्यो छे"चा आरडाओरडा आणि संध्याकाळी फटाके. मांजर आतल्या खोलीत, पडदे ओढून, शी-शूचा वाळूचा ट्रे आणि पाणी शेजारी. पण खरा धोका नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत असतो. कापलेल्या पतंगांचा मांजा गॅलरीच्या जाळीत, झाडांत, केबलच्या तारांत लोंबत राहतो. वाऱ्याने हलणारा दोरा म्हणजे मांजराला आमंत्रणच. त्याच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात, त्यामुळे एकदा तोंडात गेलेला दोरा त्याला सहज थुंकता येत नाही, तो गिळलाच जातो. एक टोक जिभेखाली अडकतं, दुसरं आतड्यात पुढे सरकत राहतं आणि मधलं आतडं चुण्या पडल्यासारखं गोळा होऊन दोऱ्यानेच कापलं जातं.

म्हणून तोंडातून किंवा शेपटीखालून दोरा दिसला तर ओढू नका. लांब टोक लोंबत असेल तर बाहेरच्या बाजूला थोडंसं कापा आणि तडक डॉक्टरकडे जा. मांजर वारंवार उलट्या करतंय, खात नाही, पोटाला हात लावू देत नाही, तर दोरा दिसला नसला तरी मांज्याची शक्यता डॉक्टरांना आपणहून सांगा. नायलॉनच्या चायनीज मांज्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ सालीच देशभर बंदी घातली आहे, तरी तो दिसतोच. साधा सुती मांजाही तितकाच घातक, त्यावर काच असते. सण संपल्यावर रोज सकाळी गॅलरीतून एक फेरी मारून दोरे गोळा करा. शिवणकामाचा दोरा, राख्या, फुलपुड्याचा दोरा यांनाही हेच लागू.

रस्त्यावर जखमी प्राणी दिसला तर गुजरातमध्ये १९६२ या क्रमांकावर करुणा अॅम्ब्युलन्स बोलावता येते.

नसबंदी करून देता का? निदान एकदा पिल्लं होऊ द्यावीत म्हणतात.

मोठी मांजरं नसबंदी झाल्यावरच देतो. लहान पिल्लू गेलं तर चार-पाच महिन्यांचं झाल्यावर ऑपरेशन करून घ्यायचं असं लिहून घेतो आणि फोन करकरून आठवण देतो. भाटी चार-पाच महिन्यांतच माजावर येऊ शकते, सुमारे दोन महिन्यांत विते आणि पिल्लं अंगावर पीत असतानाही पुन्हा गाभण राहू शकते. "एकदा होऊ द्या"ला वैद्यकीय आधार नाही. उलट पहिल्या माजाआधी ऑपरेशन झालं तर पुढे स्तनाच्या गाठींचा धोका बराच कमी होतो. बोक्याचं ऑपरेशन त्याहून साधं. त्यानंतर भिंतींवर पिचकाऱ्या मारणं आणि रात्री-बेरात्री बाहेर जाण्यासाठी ओरडणं बहुधा थांबतं.

कोणत्या लसी झालेल्या असतात?

फाईलमध्ये तारखांसकट सगळं लिहिलेलं असतं. थोडक्यात: ट्रायकॅटची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांना, मग दर तीन-चार आठवड्यांनी, वय सोळा आठवडे होईपर्यंत. रेबीजची लस बारा आठवड्यांनंतर. पुढचे डोस डॉक्टर सांगतील तसे, बहुधा वर्षाला. जंताचं औषध लहानपणी वारंवार, मोठेपणी साधारण तीन महिन्यांनी.

ट्रायकॅट चुकवू नका. ती ज्या तीन रोगांविरुद्ध असते त्यांतल्या पॅनल्युकोपेनियाला लोक मांजरांचा पार्व्हो म्हणतात (पार्व्हो म्हणजे कुत्र्यांच्या पिल्लांचा जीवघेणा रोग). लस न झालेलं पिल्लू सकाळी खेळत असतं आणि दुसऱ्या दिवशी जात असतं. त्याचा विषाणू घरात वर्षभर टिकू शकतो. तुमच्याकडे हल्लीच एखादं पिल्लू उलट्या-जुलाबाने गेलं असेल तर ते आम्हाला सांगा. आम्ही नाही म्हणणार नाही, फक्त लसींचा कोर्स पूर्ण झालेलं मोठं मांजर देऊ.

आणल्यावर मांजर पलंगाखालून बाहेरच येत नाही. काय करू?

काहीच करू नका. हे सांगून पटत नाही, कारण मुलं उतावीळ झालेली असतात आणि शेजारच्या काकू "बघू तरी" म्हणून आलेल्या असतात.

पहिले तीन-चार दिवस त्याला एकच खोली द्या. ट्रे एका टोकाला, खाणं-पाणी दुसऱ्या टोकाला, दडायला एक खोकं. आमच्याकडून दिलेली जुनी चादर धुऊ नका, त्यावरचा वास हीच त्याची एकमेव ओळखीची गोष्ट असते. तुम्ही त्याच खोलीत जमिनीवर बसा, मोबाईल बघा, पुस्तक वाचा. त्याच्याकडे टक लावू नका. नजरानजर झालीच तर डोळे सावकाश मिटा आणि उघडा, मांजरांत हा सभ्यपणा समजतात. हात धरून ओढून काढलंत तर दोन दिवस मागे जाल.

रात्री सगळे झोपल्यावर ते बाहेर येतं, खातं, ट्रे वापरतं. सकाळी वाटी रिकामी दिसली की समजा सगळं ठीक आहे. चोवीस तासांत काहीच खाल्लं नाही तर आम्हाला फोन करा. अठ्ठेचाळीस तासांपर्यंत ताणू नका, उपाशी मांजराच्या, त्यातही जाड मांजराच्या, यकृतात चरबी साठते आणि ते प्रकरण गंभीर होतं. घराचा सराव व्हायला तीन आठवडे आणि खऱ्या अर्थाने रुळायला तीन महिने, असा ठोकताळा धरा.

नवरात्र, दिवाळी आणि उत्तरायणाच्या आधीच्या आठवड्यात आम्ही मांजर देत नाही. नवीन घर आणि त्यात नऊ रात्रींचा गरबा, हे कोणत्याच जिवाला झेपणार नाही.

ट्रे, वाळू, वास याचं कसं?

जितकी मांजरं त्याहून एक ट्रे जास्त. बाजारातली गोळा होणारी वाळू सोयीची, पण तीन महिन्यांखालच्या पिल्लाला नको, ती खाऊन बघतात. रोज दोनदा उपसलं तर वास येत नाही. मांजर अचानक ट्रेबाहेर करू लागलं तर ते सूड उगवत नाही, त्याला काहीतरी दुखतंय किंवा ट्रे घाण आहे. आणि बोका सारखा ट्रेमध्ये बसतोय, कण्हतोय, पण लघवीचा थेंब नाही, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉक्टर गाठा. मूत्रमार्ग तुंबलेला बोका दोन-तीन दिवसांत दगावतो.

सून गरोदर आहे. घरात मांजर चालेल का?

चालेल. भीती असते टोक्सोप्लाझ्मोसिसची, म्हणजे पोटातल्या बाळाला अपाय करू शकणाऱ्या एका संसर्गाची. मांजर आयुष्यात बहुधा एकदाच, संसर्ग झाल्यावर एक-दोन आठवडे, विष्ठेतून हे जंतू टाकतं आणि ते संसर्गजन्य व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून ट्रे रोज साफ झाला पाहिजे आणि तो सुनेने सोडून दुसऱ्या कुणीतरी करावा. हे काम मुलाला द्या. न धुतलेली भाजी आणि अर्धकच्चं मांस यांतूनही हा संसर्ग होतो, त्याकडेही तितकंच लक्ष हवं. तिच्या डॉक्टरांना मांजराबद्दल सांगून ठेवा.

अॅलर्जी असेल तर?

अॅलर्जी केसांची नसते, मांजराच्या लाळेतल्या आणि त्वचेतल्या प्रथिनाची असते. म्हणून "कमी केसांचं द्या" याने काम होत नाही. आमच्याकडे दोन-तीनदा येऊन तास-दीड तास मांजराला घेऊन बसा. डोळे चुरचुरले, शिंका सुरू झाल्या, तर तिथेच थांबू. नंतर परत करण्यापेक्षा ते बरं.

घरात कोणत्या वस्तू उचलून ठेवायच्या?

पॅरासिटामॉल पहिली. ताप आला म्हणून कोणी प्रेमाने अर्धी गोळी दिली की मांजर जातं, त्याचं यकृत ते औषध पचवू शकत नाही. मुलांचं सिरपही तेच. लिलीचा गुच्छ घरात आणू नका. पानं, पराग, फुलदाणीतलं पाणी, सगळ्याने मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या, देवघरातला कापूर, फरशी पुसायचं फिनेल, कुत्र्याच्या गोचिडांचं औषध. कांदा-लसूण, म्हणजे उरलेली आमटी-रस्सा मांजराला नाही. फिनेलऐवजी साध्या साबणाच्या पाण्याने पुसा, कारण ते पंजांना लागलेलं सगळं चाटतात.

गणपतीत दूर्वांची जुडी मात्र खुशाल खाऊ द्या. नाहीतरी ती चोरतातच.

घरात आधीचं मांजर किंवा कुत्रं आहे.

समोरासमोर आणून "बघ, तुझा भाऊ आलाय" करू नका. आधी आठवडाभर बंद दाराआड. एकमेकांच्या चादरी बदला, दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी जेवण द्या, मग फटीतून दर्शन. फिस्कारलं तर घाबरू नका, अंगावर धावून गेलं तर पुन्हा दाराआड. कुत्रं असेल तर ते पट्ट्यावर आणि मांजराला उंचावर पळायची जागा. हे सांगायला सोपं आहे, प्रत्यक्षात कधी कधी दीड महिना जातो.

चावलं किंवा ओरखडलं तर?

साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. हळद-चुना लावू नका. मांजराची रेबीजची लस झालेली असेल तर फाईल सोबत न्या, पुढचं डॉक्टर ठरवतील.

पुराच्या वेळी?

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी सोसायट्यांत शिरलं आणि पाठोपाठ मगरी दिसू लागल्या, ते सगळ्यांना आठवत असेल. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी प्रत्येक मांजरामागे एक कॅरिअर (मांजर न्यायची पेटी) ठेवावा आणि तो माळ्यावर न टाकता बैठकीत उघडा ठेवावा. मांजर त्यात एरवी झोपत असेल तर घाईच्या वेळी पकडापकडी होत नाही. आठवड्याचं खाणं डब्यात, फाईल प्लास्टिकच्या पिशवीत.

किती पैसे घेता?

मांजराचे पैसे नाहीत. ऑपरेशन आणि लसींचा झालेला खर्च पावत्यांसकट दाखवतो, जमेल तेवढा द्या म्हणतो. त्या पैशांत पुढचं मांजर बरं होतं. ओळखपत्राची प्रत, एका पानाचा करार आणि घराची एक भेट (किंवा व्हिडिओ कॉल) मात्र सक्तीची. यावर रागावणारे लोक असतात. त्यांना आम्ही मांजर देत नाही.

नाहीच जमलं तर परत घ्याल?

घेऊ, कधीही, कारण न विचारता. दहा दिवसांनी असो की पाच वर्षांनी. परस्पर दुसऱ्याला देऊ नका आणि मंडईत, देवळात, कमाटी बागेत सोडू नका. पाळलेला प्राणी असा सोडणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. परदेशी जायचं ठरलं तरी आधी विचारा, मांजर सोबत नेता येतं. कॅनडाला तीन महिन्यांवरच्या मांजरासाठी रेबीजच्या लसीचा दाखला लागतो. बाकीच्या देशांचे नियम निरनिराळे आहेत आणि कागदपत्रांना महिने लागतात, व्हिसा हातात पडेपर्यंत थांबू नका.

न्यायला कधी यायचं? सोबत काय आणू?

शनिवारी सकाळी या, म्हणजे रविवार घरी मिळतो. उन्हाळ्यात दहाच्या आत. झाकण घट्ट बसणारा कॅरिअर आणा. पिशवी, भाजीची टोपली, मांडीवर धरलेला टॉवेल यांत मांजर देत नाही. स्कूटरवर नको, रिक्षा किंवा गाडी करा. सध्या जे खाणं चालू आहे ते आठवडाभर पुरेल इतकं आम्ही बांधून देऊ. नवं सुरू करायचं असेल तर त्यातच थोडं थोडं मिसळत जा. घरी पोचल्यावर खोलीचं दार आधी लावा, मग कॅरिअर उघडा.